मलिद्याची कुळकथा

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर 1879 साली बांधलेले शाआर हाशामाइम हे सिनेगॉग आहे, आणि भारतातली बेने इस्रायल या यहुदी समाजाची सर्वांत मोठी वस्ती आज याच शहरात आहे. या समाजात लग्नकार्याला, नव्या घरात राहायला जाताना किंवा नवस फेडताना मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळे, आणि समोर बसून एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचे स्तवन. हा विधी आला कुठून, असे विचारले की परंपरा दोन उत्तरे देते. पहिले, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेली सात जोडपी. दुसरे, दाविद राहाबी, ज्याने या विसरलेल्या लोकांना धर्म पुन्हा शिकवला आणि तीन घराण्यांना काजीपद दिले. पण हा राहाबी कुणी हजार वर्षांपूर्वीचा मानतो, तर कुणी अठराव्या शतकातला. ज्याच्या काळाबद्दल एवढी तफावत आहे, त्याच्या नावावर एक जिवंत विधी टाकणे मला पटत नाही. मलिदा कुणा पुढाऱ्याने दिला नाही, तो विखुरलेल्या घरांनी सांभाळला.

याला आधार त्या लोकांच्या राहणीचा आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या गावोगाव तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते शनवार तेली. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे अजून त्या गावांची साक्ष देतात. एका गावात चार-दोन घरे, हिब्रू ग्रंथ नाहीत, सिनेगॉगही नाही. मुंबईतले पहिले सिनेगॉग 1796 चे, कंपनीच्या फौजेतल्या सॅम्युएल दिवेकरांचे. तोवर टिकले ते शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता, शेमा ही प्रार्थना, म्हणजे घरात पाळता येईल तेवढे. मलिदा याच पंक्तीत बसतो. पोहे आणि नारळ कोकणातल्या प्रत्येक घरात असतात, आणि त्यासाठी धर्मगुरूची वाट पाहावी लागत नाही. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाशी तुलना केली तर फरक दिसतो. 1844 मध्ये संस्थापक जोसेफ स्मिथ मारला गेला तेव्हा खरा वारस कोण यावरून पंथाचे तुकडे झाले, आणि त्यातला मोठा गट ब्रिगहॅम यंगच्या मागे 1847 मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात जाऊन वसला. तिथे समाज नेत्याभोवती बांधलेला होता. बेने इस्रायलांतही तट होते. गोरे आणि काळे इस्रायल एकमेकांत लग्ने करत नसत, आणि मुंबईत भांडणातून दुसरे सिनेगॉग उभे राहिले. पण त्या भांडणांनी मलिदा दुभंगला नाही.

आक्षेप असा घेतला जातो की हा हिंदूंचा प्रसाद किंवा मुसलमानांच्या पिराचा मलिदा आहे, मूळ यहुदी विधी नव्हे. नाव फारसी आहे, आणि एलियाहूच्या भक्तीत कोकणी मुसलमानांच्या ख्वाजा खिज्राची छाया आहे असे काही अभ्यासक म्हणतात. उलट समाजातले लेखक जेरुसलेमच्या मंदिरातल्या पिठाच्या अर्पणाकडे बोट दाखवतात. पहिले म्हणणे मला अधिक संभवनीय वाटते, आणि त्याने विधीला कमीपणा येत नाही. शेजाऱ्याची थाळी घेऊन बेने इस्रायलांनी तिच्यावर आपले आशीर्वचन म्हटले, आणि झाडाच्या फळाचे व जमिनीतल्या फळाचे आशीर्वचन वेगळे ठेवले. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात. त्या खऱ्या की खोट्या याने काही अडत नाही. आपला संदेष्टा याच मातीत उतरला, हे त्यांनी स्वतः ठरवले.

कोचीनचे शिक्षक, मिशनरी, बगदादी यहुदी, सगळ्यांनी या समाजाला तपासले, दुरुस्त करू पाहिले. इस्रायलमध्ये गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांवरच शंका घेतली, तेव्हा त्यांनी आंदोलन केले आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. मलिदा मात्र ठाण्यातही होतो आणि इस्रायलमध्येही. ठाण्यातल्या म्हाताऱ्या बायकांना त्याची गाणी, क्रम आणि घरोघरचे फरक तोंडपाठ आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ते आता लिहून घ्यावे.