महिंद्रा विद्युत मोटारी

मुंबईच्या महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने २०१० पासून विकसित केलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या प्रवासी मोटारी. मे २०१० मध्ये महिंद्राने बंगळूरच्या रेवा कंपनीतला मोठा हिस्सा विकत घेतला आणि या क्षेत्रात पाऊल ठेवले. चेतन मैनी यांची दोन दारांची चिमुकली रेवा २००१ पासून रस्त्यावर होती. तिच्या अनुभवावर ई-टू-ओ (२०१३) उभी राहिली आणि २०१६ मध्ये चार दारांची ई-टू-ओ प्लस व ई-व्हेरिटो आल्या. गाड्या चालत होत्या, पण गिऱ्हाईक फारसे फिरकत नव्हते. कंपनीचा जम आधी बसला तो तीनचाकीत. २०१८ मध्ये आलेली ट्रिओ रिक्षा आता तालुक्याच्या गावांतही ओळखीची आहे.

विदर्भाशी या मोटारींचा संबंध जुना आहे. २६ मे २०१७ रोजी नागपुरात ओला ही टॅक्सी कंपनी आणि महिंद्रा यांनी सुमारे २०० विद्युत वाहनांचा भाडेतत्त्वावरचा प्रकल्प सुरू केला. त्यात १०० ई-टू-ओ प्लस होत्या. मुहूर्त ऐन उन्हाळ्यातला. चार्जिंगची ठिकाणे मोजकी असल्याने चालकांना तासन्‌तास रांगेत थांबावे लागे, आणि भाडे मारायचे सोडून रांगेत उभ्या गाडीचा हप्ता काही थांबत नाही. वर्षभराच्या आतच काही चालक डिझेलकडे परतू लागल्याच्या बातम्या छापून आल्या. एक चार्जिंग केंद्र तर रहिवाशांनी वाहतूक कोंडीची तक्रार केल्यावर बंद करावे लागले. या प्रकल्पाला सरसकट फसलेला म्हणणे अन्यायाचे ठरेल. गाडी तयार झाली म्हणजे निम्मेच काम झाले, हे देशात बहुधा सगळ्यांत आधी नागपूरला कळले.

२०२३ च्या सुरुवातीला एक्सयूव्ही ४०० बाजारात आली. तोवरच्या मोटारी इंजिनाच्या गाड्यांच्या किंवा रेवाच्या सांगाड्यावर बेतलेल्या होत्या. खरे वळण आले २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, बीई ६ई आणि एक्सईव्ही ९ई या मोटारींनी. इंग्लो या फक्त विद्युत मोटारींसाठी आखलेल्या मंचावर त्या बेतल्या असून चाकणला तयार होतात. नावातल्या '६ई'वरून इंडिगो विमान कंपनीने न्यायालय गाठले, तेव्हा पहिलीचे नाव नुसते बीई ६ झाले. बॅटरी ५९ किंवा ७९ किलोवॅट-तासांची, लोह-फॉस्फेट प्रकारची. हा प्रकार वजनाला जड, पण उष्णतेत तुलनेने सुरक्षित. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या मुलखाला तोच बरा. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी नोंदणी खुली होताच पहिल्याच दिवशी तीस हजारांवर मागण्या आल्या.

उरलेल्या अडचणींत बॅटरीतले सेल पहिले. ते चीनच्या बीवायडीचे. बॅटरी इथे जुळवली तरी तिचा गाभा आयातीचा. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा मोटरच्या सुट्या भागांसाठीही देशातल्या सगळ्याच कारखानदारांचा जीव टांगणीला लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये पेट्रोलच्या लहान मोटारींवरचा वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विद्युत मोटारींवरचा ५ टक्के तसाच राहिला. करातली तफावत घटली, आणि किमतीची लढाई आणखी अवघड झाली.

चार्जिंगची अडचण कळंबवरून समजते. नागपूर–वर्धा–देवळी–यवतमाळ या महामार्गावरचे, चिंतामणीच्या देवळाचे हे गाव नागपूरहून साधारण सव्वाशे किलोमीटर. एवढे अंतर बीई ६ वातानुकूलन लावूनही सहज कापते आणि त्याच चार्जवर परतते. प्रश्न गाडी गावातच वापरणाऱ्याचा आहे. घरच्या साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला जेमतेम तीन किलोवॅट-तास वीज मिळते. ७९ किलोवॅट-तासांची रिकामी बॅटरी भरायला दिवसापेक्षा जास्त वेळ लागतो. ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवला तर हेच काम बारा तासांच्या आसपास होते, पण त्यासाठी बहुतेक घरांना मंजूर वीजभार वाढवून घ्यावा लागतो. २० वरून ८० टक्क्यांपर्यंत वीस मिनिटांत, हा कंपनीचा दावा १७५ किलोवॅटच्या चार्जरपुरता आहे आणि इतक्या ताकदीचे चार्जर अजून विरळाच. समृद्धी महामार्गावर राज्याने २०२५ च्या धोरणात विद्युत मोटारींना टोलमाफी दिली. ती घसघशीत सवलत आहे, पण टोल वाचल्याने बॅटरी भरत नाही. तालुक्याच्या गावी ही मोटार घेणाऱ्याने रंग आणि मॉडेल ठरवण्याआधी महावितरणच्या कार्यालयात जाऊन आपला वीजभार विचारून यावा.