व्रणविरोहण : शोथ व त्वचेतील एंझाइमे

जखम भरून येण्याच्या क्रियेस व्रणविरोहण म्हणतात. त्वचेला छेद गेल्यावर तेथे शोथ (दाहयुक्त सूज) उत्पन्न होतो आणि शोथाच्या जागी स्रवणारी काही प्रथिने संदेशवाहकाचे कार्य करतात. या संदेशांमुळे त्वचेच्या कोशिकांत (पेशींत) ऊतकाचे (समान कोशिकांच्या समूहाचे) विघटन करणारी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणारी प्रथिने) तयार होतात. शोथ हा जखमेचा शत्रू की साहाय्यक, हा वैद्यकातील जुना प्रश्न असून त्याच्या उत्तराचा महत्त्वाचा भाग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या एंझाइमांच्या अभ्यासातून मिळाला.

प्रारंभीच्या कल्पना : सुश्रुतसंहितेत दुष्ट, शुद्ध, भरून येत असलेला (रुह्यमान) व भरलेला (रूढ) अशा व्रणाच्या अवस्था वर्णिल्या असून उपचाराचे साठ उपक्रम सांगितले आहेत. रोमन लेखक सेल्सस यांनी इ. स. पहिल्या शतकात लाली, सूज, उष्णता व वेदना ही शोथाची चार लक्षणे नोंदविली. मध्ययुगीन यूरोपात जखमेत पू होणे हे सुचिन्ह मानणारे पुष्कळ वैद्य होते. तेराव्या शतकात थीओडोरिक बोर्गोन्योनी यांनी या मतास विरोध केला. इंग्लंडमधील शस्त्रक्रियातज्ञ जॉन हंटर (१७२८–९३) यांच्या १७९४ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात शोथ हा रोग नसून शरीराची हितकारक क्रिया आहे, असे प्रतिपादन आहे. रक्तवाहिन्यांच्या भित्तींतून श्वेत कोशिका बाहेर पडतात, हे यूलिउस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये दाखविले. १८८२ मध्ये सिसिली बेटावरील मेसीना येथे इल्या म्येच्निकॉव्ह यांनी तारामीनाच्या डिंभात काटा टोचून त्याभोवती भक्षिकोशिका गोळा होताना पाहिल्या.

शोथाची आवश्यकता : १९४९ मध्ये सशांवरील प्रयोगांत कॉर्टिसोन या शोथरोधक हॉर्मोनामुळे जखमेत नवे ऊतक तयार होण्यास अडथळा येतो, असे आढळले. पुढे अमेरिकेतील रसेल रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून शोथातील निरनिराळ्या कोशिकांचा वाटा तपासला. जंतुसंसर्ग नसलेल्या जखमेत न्यूट्रोफिल या श्वेत कोशिका नाहीशा केल्या, तरी विरोहण थांबत नाही (१९७२). मात्र महाभक्षी कोशिका कमी केल्या, तर मृत ऊतक साफ होण्याचे व नवे ऊतक बनण्याचेही काम रेंगाळते (१९७५). म्हणजे महाभक्षी कोशिका केवळ सफाई करीत नसून इतर कोशिकांना काही आदेशही देत असाव्यात, असा तर्क बळावला.

कोलॅजेनेजाचा शोध : त्वचेचे मुख्य तंतुमय प्रथिन कोलॅजेन हे बहुतेक एंझाइमांना दाद देत नाही. तरीही बेडकाच्या भैकेराची शेपटी रूपांतरणाच्या वेळी विरून जाते. याचे कारण शोधताना जेरोम ग्रोस व शार्ल लापिएर यांनी १९६२ मध्ये जिवंत ऊतकाच्या संवर्धनात कोलॅजेन विरघळविणारे एंझाइम ओळखले. १९६७ मध्ये भरणाऱ्या जखमेत आणि १९६८ मध्ये मानवी त्वचेतही अशी क्रियाशीलता आढळली. कोलॅजेनेज हे जस्तयुक्त एंझाइम असून ते कोलॅजेनाचा रेणू एका ठराविक जागी तोडते. त्यामुळे सु. तीन-चतुर्थांश व एक-चतुर्थांश लांबीचे तुकडे होतात. शरीराच्या तापमानास त्यांची घट्ट पीळदार रचना सैल होते आणि मग इतर एंझाइमे त्यांचे पचन करतात.

संदेशाचा शोध : १९७७ च्या सुमारास झां-मिशेल दायेर, स्टीफन क्रेन व इतर संशोधकांना असे आढळले की, रक्तातील एककेंद्रकी कोशिकांनी स्रवलेल्या एका द्रव्यामुळे सांध्याच्या अस्तरातील कोशिका मोठ्या प्रमाणात कोलॅजेनेज तयार करतात. असे कार्य करणारे एक प्रमुख द्रव्य इंटरल्यूकिन-१ हे होय, असे नंतर स्पष्ट झाले. इंटरल्यूकिन ही संज्ञा १९७९ मध्ये रूढ झाली. १९८१ मध्ये बाह्यत्वचेच्या कोशिकाही तशाच गुणधर्माचे द्रव्य तयार करतात, असे टोमास लूगर व सहकाऱ्यांनी दाखविले. याचा अर्थ, श्वेत कोशिका येऊन पोहोचण्यापूर्वीच जखमी त्वचा स्वतः धोक्याची सूचना देऊ शकते.

नियंत्रणाची रीत : छेद गेलेल्या कोशिकांत साठलेले इंटरल्यूकिन-१ बाहेर पडून शेजारच्या कोशिकांच्या ग्राहींना चिकटते. परिणामी केंद्रकातील विशिष्ट प्रथिने कोलॅजेनेजाचे जनुक कार्यान्वित करतात. जखमेच्या कडेच्या कोशिका आपल्या आधारपटलावरून सुटून अंतस्त्वचेच्या कोलॅजेनास भिडतात, तेव्हा हा स्पर्शही त्यांना एंझाइम तयार करण्यास उद्युक्त करतो. या एंझाइमाने कोलॅजेनाची पकड सैल केल्याशिवाय कोशिकांना त्यावरून पुढे सरकता येत नाही, हे १९९७ मध्ये सिद्ध झाले. पृष्ठभाग झाकला जाऊन आधारपटल पुन्हा बनू लागले की, कोलॅजेनेजाची निर्मिती थांबते. रूपांतरी वृद्धिघटक-बीटा हे संदेशप्रथिन तंतुजन कोशिकांत कोलॅजेनेज कमी करते व त्याचे निरोधक प्रथिन वाढविते.

चिकित्सेतील महत्त्व : हा समतोल बिघडला, तर जखम चिघळते. पायावरील जुनाट व्रणांच्या स्रावात ऊतकनाशक एंझाइमांचे प्रमाण वाढलेले असते, असे १९९३ मध्ये आढळले. शोथ न शमल्याने अशा व्रणांत नवे ऊतक बनते, तसेच नष्टही होत राहते. मधुमेही रुग्णांच्या पायांवरील व्रणांसाठी १९९७ मध्ये अमेरिकेत एका वृद्धिघटकाच्या मलमास मान्यता मिळाली. तथापि अशा प्रथिनांचेही व्रणातील एंझाइमांमुळे विघटन होऊ शकते. याउलट, एंझाइमांना सरसकट रोखणे हाही उपाय नव्हे. प्लाझ्मिनोजेन नसलेल्या उंदरांना धातुयुक्त एंझाइमांचा निरोधक दिला असता जखम भरणे पूर्णपणे थांबले (१९९९). यावरून शोथ समूळ दडपण्यापेक्षा तो योग्य वेळी सुरू होऊन योग्य वेळी शमणे महत्त्वाचे ठरते. हंटर यांचे हितकारक शोथाचे मत आणि शोथाच्या दुष्परिणामांबद्दलचा वैद्यांचा जुना अनुभव, या दोहोंतील तथ्य या संशोधनाने स्पष्ट केले.