टाकीत गोगलगाय कुणी सोडली?

जयसिंगपुरात आमच्या फिशटँकवर रात्री दिवा लावला की काचेवर सहज चाळीसेक गोगलगायी मोजता येतात. जूनमध्ये विकत आणलेल्या पाणवनस्पतीच्या जुडीबरोबर दोन-तीनच आल्या होत्या. ‘औषध टाक आणि संपव एकदाचं,’ हे घरातलं बहुमत. गंमत म्हणजे घरगुती टाकीच्या इतिहासात गोगलगाय मुद्दाम बोलावून आणलेली आहे.

लंडनचा रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन. त्याने बारा गॅलनच्या, म्हणजे साधारण ५४ लिटरच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही वनस्पती ठेवली. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशांनी तो घ्यावा, पाणी बदलायची गरजच पडू नये, असा त्याचा हिशेब. तो फसला. जुनी पानं कुजली, पाणी गढुळलं, काचेवर शेवाळ धरलं. मग त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, पाणी निवळलं आणि त्यांची अंडी माशांचं खाद्य झाली. १८५० मध्ये त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ व्हायला अजून काही वर्षं होती!

टाक्यांमध्ये हमखास दिसणारी ‘फायसा’ मात्र न बोलावता येते. तिचा शंख डावीकडे वळलेला असतो. (पूजेतला महागडा ‘दक्षिणावर्ती’ शंखही शास्त्राच्या हिशेबात डावखुराच.) १८०५ मध्ये तिचं नामकरण फ्रान्समध्ये झालं, मूळ मात्र उत्तर अमेरिकेतलं. एकाच जिवात नर-मादी दोन्ही, त्यामुळे वेळ पडल्यास एकटीही वंश वाढवते. पण पिल्लं जगतात ती आपण जास्त टाकलेल्या दाण्यांवर. तांब्याचं औषध टाकलं तर कोळंबीही मरते आणि मेलेल्या गोगलगायी कुजून अमोनिया वाढतो. त्यापेक्षा मी दाणे निम्मे केले. रात्री काकडीची चकती ठेवतो, सकाळी तिला चिकटलेल्यांसकट उचलतो.

उचललेल्या ओढ्यात टाकत नाही. १८४७ मध्ये बेन्सन या शंख-अभ्यासकाने मॉरिशसहून आफ्रिकी गोगलगायी कोलकात्यात आणल्या आणि त्या चौरंगीच्या एका बागेत सोडल्या गेल्या. आज ती जात देशभर पिकं खाते. २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हा कित्येकांना पुन्हा पेरावं लागलं. फायसा पाण्यातली आहे, शेतात शिरणार नाही. पण २०१९ च्या पुरात आमच्या शिरोळ तालुक्यात ओढा कुठे संपतो आणि कृष्णा कुठे सुरू होते, हेच कळत नव्हतं. म्हणून काकडीसकट सगळ्या उकळत्या पाण्यात, मग गुलाबाच्या कुंडीत.