जेम्स जेमर्सन : ज्याचा बेस जगाने ऐकला, पण नाव 1971 पर्यंत कव्हरवर आलं नाही

25 मार्च 1983. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहरात 'मोटाऊन' या रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीचा सोहळा रंगला होता. मायकल जॅक्सनने 'बिली जीन' गाताना मूनवॉक केला, तो याच कार्यक्रमात. ती क्लिप तुम्ही कधी ना कधी पाहिलीच असेल.

त्या रात्री वर बाल्कनीत, मागच्या बाजूला 47 वर्षांचा एक माणूस बसला होता, असं सांगितलं जातं. स्टेजवरून ज्या जुन्या गाण्यांचं कौतुक चाललं होतं, त्यातल्या कित्येक गाण्यांत बेस त्याने वाजवला होता. पण त्याला आमंत्रण नव्हतं. तिकीट त्याने स्वतःच्या पैशाने घेतलं होतं. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत तो वारला.

त्याचं नाव जेम्स जेमर्सन. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीपासून आजच्या बेसवादकांपर्यंत अनेकजण त्याला गुरुस्थानी मानतात. मग ऐकणाऱ्यांना त्याचं नाव इतकी वर्षं का माहीत नव्हतं? आणि तो असं काय वेगळं वाजवायचा?

आधी बेस म्हणजे काय ते पाहू

बँडमध्ये गायक असतो, गिटार असते, ड्रम असतात. या सगळ्यांच्या खाली जो जाड, घुमणारा आवाज चालू असतो तो बेसचा. बेसला साधारणपणे चार तारा असतात. नेहमीच्या गिटारच्या खर्जातल्या चार तारांपेक्षा त्या बरोबर एक सप्तक खाली लावलेल्या असतात.

तबल्याच्या जोडीत डग्गा जे करतो, तसंच काहीसं हे काम आहे. डग्गा चालू असताना आपण त्याच्याकडे खास लक्ष देत नाही, पण तो थांबला की ठेका पोकळ वाटायला लागतो. फरक इतकाच की बेसवादकाला ठेका धरता धरता सूरही सांभाळावा लागतो. एका कानाने ड्रम आणि दुसऱ्या कानाने गायक, असं ते काम.

बेसचे मुख्य प्रकार दोन. एक म्हणजे उभा लाकडी डबल बेस. माणसापेक्षा उंच असतो, उभं राहून वाजवतात आणि जॅझमध्ये हमखास दिसतो. दुसरा इलेक्ट्रिक बेस. लिओ फेंडरच्या कंपनीने 1951 मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. हा गळ्यात अडकवता येतो आणि अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की ड्रमच्या गोंगाटातही ऐकू येतो. जेमर्सन पहिल्या वाद्यावर घडला आणि गाजला दुसऱ्या वाद्यावर. त्याच्या वादनाची अर्धी गोष्ट इथेच आहे.

मुंग्यांना नाचवणारा मुलगा

जेमर्सनचा जन्म 29 जानेवारी 1936 चा. अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यात चार्ल्सटन शहराजवळ एडिस्टो नावाचं बेट आहे, तिथला. लहानपणी तो वारुळात काठी रोवायचा, तिला रबर बँड ताणून बांधायचा आणि मुंग्यांना नाचवण्यासाठी तो छेडत बसायचा, अशी एक गोष्ट त्याच्याबद्दल सांगतात.

आई कामासाठी उत्तरेला डेट्रॉइटला गेली होती. 1954 च्या सुमारास जेम्सही तिथे पोहोचला. डेट्रॉइट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. दक्षिणेतून पोटापाण्यासाठी आलेली हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं इथे राहत होती आणि त्यांच्या वस्त्यांत जॅझ आणि ब्लूजचे क्लब जोरात चालत होते.

नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये जेमर्सनने उभा बेस हातात घेतला. शाळेत असतानाच तो शहरातल्या क्लबमध्ये वाजवायला लागला. त्याची आवड जॅझची होती. रे ब्राउन, पर्सी हीथ आणि डेट्रॉइटमध्येच वाढलेला पॉल चेंबर्स हे बेसवादक त्याचे आदर्श होते. पुढे आयुष्यभर त्याने पोट भरलं ते पॉप गाण्यांवर, पण त्याचा कान जॅझचाच राहिला.

दिवसा 'स्नेकपिट', रात्री क्लब

1959 मध्ये बेरी गॉर्डी या तरुणाने घरच्यांकडून 800 डॉलर कर्ज घेऊन एक रेकॉर्ड कंपनी काढली. तीच पुढे मोटाऊन झाली. डेट्रॉइटला 'मोटर टाउन' म्हणत, त्यावरून हे नाव. त्याच वर्षी गॉर्डीने 2648, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड हे घर विकत घेतलं आणि बाहेर पाटी लावली : 'हिट्सव्हिल यूएसए'.

घराच्या मागच्या भागात स्टुडिओ ए थाटला गेला. खोली लहान आणि छतावरून केबली लोंबकळत असलेल्या. म्हणून वादकांनी तिला नाव ठेवलं 'स्नेकपिट', म्हणजे सापांचा खड्डा. याच खोलीत द सुप्रीम्स, द टेम्प्टेशन्स, मार्विन गे, स्टीव्ही वंडर यांची गाणी रेकॉर्ड झाली.

गायक बदलायचे, पण मागे वाजवणारी टोळी बहुतेक वेळा तीच असायची. ही मंडळी स्वतःला 'फंक ब्रदर्स' म्हणवत. पियानोवर अर्ल व्हॅन डाइक, ड्रमवर बेनी बेंजामिन, गिटारवर रॉबर्ट व्हाइट आणि बेसवर जेमर्सन. सुरुवातीला तो गायकांबरोबर दौऱ्यांवरही जायचा. नंतर स्टुडिओतच त्याची इतकी गरज भासायला लागली की दौरे मागे पडले.

काम संपलं की हीच मंडळी रात्री क्लबमध्ये वाजवायला जायची. त्यातलं एक ठिकाण म्हणजे चिट चॅट लाउंज. तिथे कुणी तीन मिनिटांची मर्यादा घालायला नसायचं. मनात येईल ते वाजवून बघता यायचं. रात्री क्लबमध्ये सुचलेली एखादी लकेर दुसऱ्या दिवशी स्टुडिओतल्या गाण्यात उतरायची, असं या वादकांनी पुढे सांगितलं आहे.

तीन गिटार, तिन्ही चोरीला

जेमर्सनच्या वाद्यांची यादी छोटी आहे.

शाळा संपल्यावर त्याने जर्मन बनावटीचा एक उभा बेस घेतला होता. मेरी वेल्सच्या 'माय गाय' या 1964 च्या गाण्यात तो वाजला आहे.

त्याची पहिली इलेक्ट्रिक गिटार म्हणजे 1957 चा फेंडर प्रिसिजन बेस. एका बेसवादक मित्राकडून मिळालेला, काळा रंग दिलेला. नाव 'ब्लॅक ब्यूटी'. तो चोरीला गेला. मग दुसरा प्रिसिजन आला, तोही चोरीला गेला.

तिसरा होता 1962 चा प्रिसिजन. याचं नाव 'फंक मशीन'. त्याने त्यावर 'फंक' हा शब्द कोरून ठेवला होता. आपल्याला माहीत असलेली बरीचशी गाणी या गिटारवरची आहेत.

आजचे वादक वाद्याची जशी निगा राखतात, तशी जेमर्सन राखत नसे. त्याच्या तारा ला बेला कंपनीच्या, जाड आणि गुळगुळीत. तार तुटली तरच तो ती बदलायचा. जुन्या, मळलेल्या तारांमुळेच आवाजाला वजन येतं, असं त्याचं मत. गिटारच्या ब्रिजवरच्या झाकणात फोमचा तुकडा होता. त्यामुळे स्वर फार वेळ रेंगाळायचा नाही, ठप्पकन वाजून विरायचा. तारा इतक्या उंच लावलेल्या की दुसऱ्या कुणाला ती गिटार वाजवणं जड जायचं. पण ज्याचा हात उभ्या बेसच्या जाड तारांवर तयार झाला, त्याला हे अवघड नव्हतं.

उजव्या हाताचं फक्त एक बोट, तर्जनी, एवढ्यावर तो वाजवायचा. त्या बोटाला नाव पडलं होतं 'द हुक', म्हणजे आकडा.

मग वेगळं काय होतं?

1960 च्या आसपास पॉप गाण्यांत बेसचं काम साधं असायचं. गाण्याचा आधारस्वर धरायचा, फार तर त्याचा पंचम घ्यायचा आणि मात्रेवर ठोकत राहायचं.

जेमर्सनने जॅझची सवय इथे आणली. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना तो मधले कोमल-तीव्र स्वर स्पर्शून जायचा. मात्रेवर वाजवायच्या ऐवजी दोन मात्रांच्या मधल्या फटीत वाजवायचा. कधी अख्खी जागा मोकळी सोडायचा. खुल्या तारांचा वापर करून हात एका जागेवरून दुसरीकडे न्यायचा. त्यामुळे गायकाच्या चालीखाली बेसची दुसरी चाल सुरू असायची आणि तरीही दोघांची टक्कर व्हायची नाही.

रेकॉर्डिंगच्या पद्धतीचाही त्याला फायदा झाला. मोटाऊनमध्ये बेसची वायर बहुतेक वेळा थेट मिक्सिंगच्या यंत्राला जोडली जायची. त्यामुळे त्याचे बारकावे रेकॉर्डवर स्वच्छ उतरले.

नाव का नव्हतं?

त्या काळी मोटाऊनच्या रेकॉर्डवर गायकाचं नाव असायचं, गीतकार-संगीतकाराचं असायचं, निर्मात्याचं असायचं. मागच्या वादकांचं नसायचं.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. जेमर्सन उपाशी नव्हता. साठच्या दशकाच्या अखेरीस कंपनी त्याला आठवड्याला 1,000 डॉलर देत होती. त्या काळात एका वादकासाठी ही मोठी रक्कम होती. पण ही रक्कम म्हणजे मजुरी होती. गाणं पुढे कितीही वेळा विकलं गेलं, वाजलं, तरी त्यातला वाटा वादकाकडे येत नव्हता. दुसऱ्या कंपन्यांसाठी वाजवायलाही मनाई होती. तरी वादक गुपचूप जायचेच. जॉन ली हूकरच्या 'बूम बूम'मध्ये जेमर्सनचाच बेस आहे.

बिलबोर्डच्या पॉप यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या वीसहून जास्त गाण्यांत त्याने वाजवलं, असं मानलं जातं. कव्हरवर त्याचं नाव पहिल्यांदा आलं ते 1971 मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर. त्यात त्याच्या नावाआधी 'अतुलनीय' अशा अर्थाचं विशेषणही आहे.

या अल्बमच्या शीर्षकगीताचा किस्सा प्रसिद्ध आहे. मार्विन गेला त्या गाण्यासाठी जेमर्सनच हवा होता. शोधाशोध केल्यावर तो एका क्लबमध्ये वाजवताना सापडला. त्याला स्टुडिओत आणलं, पण तो इतका प्यायलेला होता की खुर्चीवर नीट बसवेना. शेवटी त्याने जमिनीवर पाठ टेकून, झोपूनच बेस वाजवला.

ही गोष्ट बऱ्याचदा गंमत म्हणून सांगितली जाते. पण दारूने तेव्हाच त्याचा ताबा घ्यायला सुरुवात केली होती, हेही त्यातून कळतं.

डेट्रॉइट सुटलं आणि

1972 मध्ये मोटाऊनने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला. स्टुडिओ ए बंद झाला. काही काळाने जेमर्सनही कुटुंबासह तिकडे गेला. काम मिळत राहिलं. 1977 च्या सुरुवातीला पहिल्या क्रमांकावर गेलेल्या 'यू डोन्ट हॅव टू बी अ स्टार' या गाण्यातही त्याचा बेस आहे.

पण दिवसा सोबत वाजवणारी आणि रात्री क्लबमध्ये भेटणारी टोळी विखुरली होती. शिवाय जमाना बदलत होता. आता नव्या तारांचा चकचकीत आवाज हवा होता, अंगठ्याने तार ठोकून वाजवायची पद्धत आली होती. जेमर्सनने तारा बदलल्या नाहीत आणि पद्धतही बदलली नाही. दारू वाढली, काम कमी झालं.

2 ऑगस्ट 1983 रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याचा मृत्यू झाला. यकृत निकामी होत गेलं होतं. त्याच्या थोडेच दिवस आधी 'फंक मशीन'ही चोरीला गेली होती. तिचा पुढे पत्ता लागला नाही.

नंतर जगाला कसं कळलं?

1989 मध्ये अ‍ॅलन स्लट्स्की यांनी 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाऊन' हे पुस्तक लिहिलं. त्यात जेमर्सनचं चरित्र आहे आणि त्याच्या वादनाचं स्वरलेखनही. 2000 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीच्या वादकांसाठी वेगळा विभाग सुरू केला. त्याच्या पहिल्याच यादीत जेमर्सन होता. 2002 मध्ये पुस्तकाच्याच नावाने फंक ब्रदर्सवर माहितीपट आला. हिट्सव्हिलच्या घरात आज संग्रहालय आहे. ला बेला कंपनी अजूनही त्याच्या नावाने जाड तारांचा संच विकते.

ऐकायचं कुठून?

एक सूचना : मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बेसच्या सगळ्यात खालच्या खुल्या तारेची कंपनं सेकंदाला सुमारे 41 असतात. एवढा खर्ज छोट्या स्पीकरला झेपत नाही. हेडफोन लावा, गायकाकडे दुर्लक्ष करा आणि ही पाच गाणी या क्रमाने ऐका.

1. 'माय गर्ल', द टेम्प्टेशन्स, 1964. सुरुवातीला जे हृदयाच्या ठोक्यासारखं ऐकू येतं, तो जेमर्सन. गिटार त्यानंतर येते.

2. 'बर्नाडेट', फोर टॉप्स, 1967. गायक जीव तोडून गातोय आणि खाली बेस एक क्षण स्वस्थ बसत नाही.

3. 'एन्ट नो माउंटन हाय इनफ', मार्विन गे आणि टॅमी टेरेल, 1967. दोन गायकांच्या खाली तिसरा आवाज असल्यासारखा बेस फिरतो.

4. 'फॉर वन्स इन माय लाइफ', स्टीव्ही वंडर, 1968. यात बेस स्वतःची क्वचितच पुनरावृत्ती करतो.

5. 'डार्लिंग डिअर', जॅक्सन फाइव्ह, 1970. यातला लहान गायक म्हणजे मायकल जॅक्सन. त्याच्या आवाजाखालचा बेस जेमर्सनचा.