फुटलेला आरसा : ‘शारदा’, ‘कुंकू’ आणि संगणक

आरसा फुटणे हा आपल्या घरांतून अपशकुन मानला जातो. कलावंतांना मात्र फुटलेल्या आरशाने नेहमीच भुरळ घातली आहे. आज संगणकावर फोटोशॉपसारख्या प्रणालीच्या साहाय्याने कोणत्याही छायाचित्राला तडकलेल्या आरशातील प्रतिबिंबाचे रूप देता येते. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि नाटकांच्या जाहिरातींवर हा प्रकार इतका सर्रास दिसतो, की तो संगणकानेच जन्माला घातला असावा, असे नव्या पिढीला वाटावे. वस्तुतः मराठी प्रेक्षकाने तो १९३७ साली, संगणकाचा मागमूसही नसताना, रुपेरी पडद्यावर पाहिला होता. तो चित्रपट म्हणजे प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’. हिंदीत तोच ‘दुनिया न माने’ या नावाने आला.

या चित्रपटाचा विषय बाला-जरठ विवाह. मराठी रंगभूमीवर त्याला खरी वाचा फोडली ती गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ने, १८९९ साली. येळ्ळूरकरांना आणि एकूणच सीमाभागातील जुन्या घराण्यांना हे स्मरण विशेष जवळचे वाटावे. देवलांचे शिक्षण आपल्या शेजारच्या बेळगावात झाले. ज्यांच्या छायेत ते नाटककार म्हणून घडले ते अण्णासाहेब किर्लोस्कर तर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. ‘शारदा’तील भुजंगनाथ हा म्हातारा नवरदेव प्रेक्षकांच्या हसण्याचा विषय होतो. हे लग्न सगोत्र ठरून ऐन मांडवात मोडते आणि प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. हसणारा प्रेक्षक मात्र स्वतः सुरक्षित राहतो. भुजंगनाथ हा कुणी तरी दुसरा असतो.

पुढील अडतीस वर्षांत समाज बराच बदलला. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. परंतु कायद्याने वयात आलेल्या मुलीला तिच्या बापाच्या वयाच्या माणसाच्या गळ्यात बांधण्यास कोणतीच आडकाठी नव्हती. ना. ह. आपटे यांनी आपल्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीत नेमका हाच प्रश्न घेतला आणि त्यावरूनच ‘कुंकू’ निर्माण झाला. येथे लग्न मोडत नाही, ते लागते. कथा त्यानंतर सुरू होते. शांता आपटे यांनी साकारलेली नीरा या विवाहाला विवाह मानण्यास साफ नकार देते. आणि वृद्ध वकील काकासाहेब, म्हणजे केशवराव दाते, हे खलपुरुष नाहीत. ते आपल्यातलेच एक प्रतिष्ठित, सुशिक्षित गृहस्थ आहेत. अशा माणसाला हसून चालत नाही. त्याला स्वतःचे दर्शन घडवावे लागते.

म्हणून येथे आरसा येतो. काकासाहेबांचा आरसा फुटतो आणि त्याच्या तुकड्यांतून त्यांचाच चेहरा अनेक होऊन त्यांना हिणवू लागतो. ‘शारदा’त जे हसणे प्रेक्षागृहातून येत होते, ते आता माणसाच्या स्वतःच्या प्रतिबिंबातून येते. आमच्या मते मराठी सामाजिक कलाकृतीच्या इतिहासातले हे एक मोठे वळण होय. उपहासाची जागा आत्मसाक्षात्काराने घेतली, आणि ते घडवले एका छायाचित्रणाच्या युक्तीने.

ही कारागिरी काही एका रात्रीत आलेली नव्हती. छायाचित्र ‘जुळवण्या’ची कला जुनी आहे. १८५७ साली ऑस्कर रेयलँडर याने इंग्लंडात तीसहून अधिक निगेटिव्हांतून एकच चित्र सिद्ध केले होते. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी ‘लंकादहन’मध्ये (१९१७) साळुंके या एकाच नटाकडून राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका करून घेतल्या. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा सिद्ध केला. त्यांच्या ‘सैरंध्री’तील (१९२०) कीचकवध इतका खरा वाटला, की तो आक्षेपार्ह ठरला. दामले, फत्तेलाल, शांताराम हे बाबूरावांच्याच हाताखाली घडले. १९२९ मध्ये त्यांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ स्थापन केली आणि १९३३ मध्ये ती पुण्यास नेली. ‘कुंकू’चे छायालेखक व्ही. अवधूत हे याच परंपरेतले. त्या काळी अशा दृश्यासाठी दोन मार्ग उपलब्ध होते. एक, खऱ्या आरशाचे तुकडे वेगवेगळ्या कोनांत बसवून नटाचे प्रतिबिंब टिपणे. दुसरा, भिंगापुढे काळे आच्छादन लावून फिल्मचा एकेक भागच प्रकाशित करणे, ती मागे गुंडाळणे आणि पुन्हा चित्रित करणे. दुसऱ्या मार्गात एक चूक म्हणजे सारे श्रम वाया.

संगणकाने हे काम सोपे केले. टॉमस आणि जॉन नोल या बंधूंचे फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात ‘थरां’ची सोय झाली. आता आघाताचा एक बिंदू कल्पून तेथून तडे काढायचे, आघाताजवळचे तुकडे लहान व दूरचे मोठे ठेवायचे, प्रत्येक तुकडा कापून स्वतंत्र थरावर घ्यायचा, तो किंचित सरकवायचा, फिरवायचा, कडेला पांढरी रेघ आणि बारीक सावली द्यायची. चूक झाली तर एक पाऊल मागे येता येते.

तरीही पुष्कळांचे चित्र फसते. कारण ते अखंड चेहऱ्यावर नुसत्या रेघा ओढतात आणि चेहऱ्यावर कोळ्याचे जाळे पसरल्यासारखे दिसते. यामागे प्रकाशाचा एक साधा नियम आहे. आरसा तडकला, पण तुकडे एकाच पातळीत राहिले, तर प्रतिबिंब एकच राहते. त्यावर केवळ भेगा दिसतात. प्रतिबिंब मोडते ते तुकडे कलले म्हणजे. तुकडा पाच अंशांनी कलला, तर त्यावरून परतणारा किरण दहा अंशांनी वळतो. कल लहान असला तरी चेहरा दुप्पट भरकटतो. म्हणजे चेहरे अनेक होतात ते फुटण्यामुळे नव्हे, कलण्यामुळे.

शिवाय आरसा, फुटका असो वा धड, समोरच्याने केले तेच दाखवतो. काकासाहेबांना हिणवणारे प्रतिबिंब कोणत्याही काचेत सापडणार नाही. कलावंताने जुळवलेले ते असत्य होते, पण माणसाच्या मनातले सत्य सांगण्यासाठी योजलेले. आज हे साधन प्रत्येकाच्या हाती आहे. त्याच साधनाने एखाद्याचा चेहरा विद्रूप करता येतो, जुन्या छायाचित्रातून नको असलेला माणूस गाळता येतो. आपल्या घरांतील वाडवडिलांची छायाचित्रे संगणकावर ‘दुरुस्त’ करून घेणाऱ्यांनी मूळ प्रत जपून ठेवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. भेग बुजवणे वेगळे आणि चेहरा बदलणे वेगळे.

आणि आरशाचा तो नियम राजहंसगडाच्या छायेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना काही वेगळेही सांगतो. १९५६ साली आपल्या मुलखातून एक रेघ गेली. सोयरे एका राज्यात, शेत दुसऱ्या राज्यात, अशी कितीतरी घराण्यांची अवस्था झाली. ती भेग बुजवणे एकट्यादुकट्याच्या हाती नाही. परंतु भाषा, वाचन, नाटक आणि वर्षाचे साहित्य संमेलन यांच्या योगाने तुकडे एका पातळीत राखणे आपल्या हाती आहे. तेवढे साधले, तर भेगेपलीकडेही चेहरा एकच दिसेल.