तळटीप : दिंद्रुडच्या वाटेवरचा 'पर्यटक'
* पर्यटक : संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येनुसार, नेहमीच्या वावराबाहेर किमान एक रात्र मुक्काम करणारा; त्याच दिवशी परतणारा त्यात धरत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडच्या परिसरात या अटीने फार माणसे गळतात. महाशिवरात्रीला परळीत वैद्यनाथाचे दर्शन घेऊन संध्याकाळी घरी पोचणारे पर्यटक ठरत नाहीत. लेकीकडे मुक्काम टाकणारे ठरतात, पण लॉजच्या वहीत त्यांचे नाव नसते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७२व्या फेरीत (जुलै २०१४–जून २०१५) घरोघरी विचारणा झाली, म्हणून असा मुक्काम निदान नोंदला गेला. पुरुषोत्तमपुरीच्या मंदिरातली गर्दी तर अधिक मासातली, सुमारे ३२-३३ महिन्यांनी येणारी. तिथे एका वर्षाची पाहणी दिशाभूलच करील. मोजणी करताना मंदिराच्या दारात 'रात्री कुठे उतरलात, इथून पुढे अंबाजोगाईला का?' एवढे विचारले, तरी एकच माणूस दोन ठिकाणी दोनदा मोजला जाणे टळते.