उल्हासकाठचे खुराडे

ठाणे जिल्ह्याच्या जमाबंदीच्या दप्तरात भातजमिनीची प्रतवारी सापडते, वरकस माळांचा आकार सापडतो, ताडाच्या झाडांवरील कराचाही हिशेब सापडतो. परंतु ज्या प्राण्याच्या आरवण्याने हे दप्तर लिहिणाऱ्या कारकुनाची झोप मोडत असे, त्या प्राण्याला त्यात सदर नाही. कल्याणहून दक्षिणेस निघालेल्या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना वसलेल्या ज्या खेड्यापाड्यांची आज उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशी तीन शहरे झाली आहेत, तेथील आगरी, कुणबी, कोळी, ठाकूर आणि कातकरी घरांच्या अंगणांत कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. पण ती बाईच्या मालकीची, अंगणाबाहेर न जाणारी आणि सारा न भरणारी असल्यामुळे सरकारदरबारी तिची नोंद होण्याचे कारण पडले नाही. गावात उतरलेल्या शिपायाच्या वा जंगलखात्याच्या नोकराच्या पानावर ती जात असे हे खरे. पण त्या वसुलीची पावती कोण देणार?

या मुलखाशी तिचे नाते मात्र दप्तरापेक्षा फार जुने आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज पूर्वेकडील तांबडा रानकोंबडा होय, हे आता सर्वमान्य आहे. तरी तिच्या पायांचा पिवळा रंग त्या पूर्वजाचा नव्हे, तो दक्षिण भारतातील करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे, असे २००८ साली स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी जनुकांच्या आधारे दाखविले. हा करडा रानकोंबडा सह्याद्रीच्या झाडीतला रहिवासी. माथेरानच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला तो दुर्मीळ असला तरी अपरिचित नाही. तेव्हा जगातील कित्येक खुराड्यांत पिवळ्या पायांनी माती उकरणाऱ्या कोंबड्यांवर आपल्या डोंगरांचा थोडा हक्क पोहोचतो, असे म्हणण्यास हरकत नसावी. अंबरनाथचे शिवालय इ. स. १०६० मध्ये शिलाहारांच्या अमदानीत उभे राहिले, त्याच्या कितीतरी आधी मनुस्मृतीने ग्रामकुक्कुट द्विजांना अभक्ष्य ठरविला होता. निषेध नेमका गावातल्या कोंबड्याचा आहे. यावरून तो गावात किती सर्रास हिंडत असला पाहिजे, हे उघड होते. ज्या शिवाचा पुत्र कार्तिकेय आपल्या ध्वजावर कुक्कुट मिरवितो, त्याच्याच देवळाच्या भोवतालच्या गावांत गावदेवीला आणि म्हसोबाला कोंबड्याचा मान चालत आला, आणि शास्त्र व वहिवाट यांनी एकमेकांच्या वाटेस न जाण्याचा समंजसपणा दाखविला.

थायलंडमधील बान नोन वाट येथील उत्खननाच्या आधारे २०२२ साली असेही मांडण्यात आले की, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी या पक्ष्याला माणसाच्या वस्तीकडे ओढून आणले ते भाताच्या आणि भरड धान्यांच्या शेतीने. उल्हास नदीच्या खोऱ्यात हिवाळा उतरणीला लागल्यावर ज्याने एखादे खळे पाहिले असेल, त्याला हे विधान पटण्यास उत्खननाची गरज नाही. भात झोडून झालेले, पेंढ्याची उडवी रचलेली, ओलीवर घातलेला वाल शेंगांना आलेला, आणि खळ्याच्या कडेला सांडलेले दाणे व पेंढ्याखालचे किडे वेचण्यासाठी पहाटेचे धुके विरण्याआधीच निघालेल्या कोंबड्या, असा तो काळ असतो. समुद्रापासून दूर आणि डोंगरांच्या कुशीत असल्यामुळे बदलापूरची रात्र मुंबईच्या रात्रीहून पुष्कळ थंड होते. कोंबडी मात्र ती थंडी पिसे फुगवून आणि एकमेकींना खेटून निभावून नेते. तिच्या शरीराची उष्णताच सुमारे ४१ अंश असते.

तिला कळतो तो उजेड. पौषात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि पावसाळ्यानंतर झडलेली पिसे नव्याने भरून येत असतात, म्हणून अंडी आटतात. माघात दिवस वाढू लागला की तो वाढता प्रकाश डोळ्यांवाटेच नव्हे तर कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोहोचून अंडाशयाला जाग आणतो. तुरा लाल होतो, तलंग प्रथमच टोपलीत बसून पाहते, आणि दहा-पंधरा अंडी घालून झाली की जुनी कोंबडी खुडूक होते. मग ती एकवीस दिवस अंड्यांवरून दाणापाण्यापुरतीच उठते. फाल्गुनात उन्हाचा कडाका वाढण्यापूर्वी आणि पावसाच्या ओलीच्या कितीतरी आधी पिल्ले बाहेर यावीत, म्हणून घरची म्हातारी माघातल्या खुडकीला विशेष जपत असे. हे गणित तिला कोणी शिकविले नव्हते.

कळपाच्या आतील व्यवस्थेचे शास्त्र मात्र एका नॉर्वेजियनाच्या नावावर आहे. थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे याने लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण केले आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी असे प्रतिपादन केले की, प्रत्येक कळपात कोणी कोणाला टोचावे याचा क्रम ठरलेला असतो, पहिली सर्वांना टोचते, शेवटची कोणालाही टोचत नाही, आणि एकदा हा क्रम लागला की भांडणे कमी होतात. आमच्या खेड्यांत होळीचा पहिला नारळ कोणाचा आणि पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून जे मानपान चालत आले, त्याची रचना याहून फारशी निराळी नव्हती. खुराड्यात शिरताना वरची जागा वरच्या हुद्द्याच्या कोंबडीची. डालग्याखालून सुटल्यावर पहिला दाणा तिचा. धुळीत अंग घोळण्यासाठी ऊन पडलेली जागाही तिचीच. बाहेरून विकत आणलेली तलंग या कळपात सोडली, तर चार-आठ दिवस तिच्या वाट्याला केवळ चोची येतात, म्हणून जाणत्या बायका तिला रात्री अंधारात खुराड्यात सरकवीत.

कोंबड्याचा कारभार याहून मनोरंजक आहे. त्याला दाणा सापडला की तो स्वतः न खाता विशिष्ट आवाज काढून माद्यांना बोलावितो, आणि कधीकधी दाणा नसतानाही तीच हाक घालून त्यांना फसवितो, हे संशोधकांनी नोंदविलेले आहे. घार दिसली तर त्याची आरोळी वेगळी, मुंगूस किंवा बोका दिसला तर वेगळी. पहिली ऐकून कोंबड्या दबून बसतात, दुसरी ऐकून माना उंचावतात. पहाटे आरवण्यातही हाच क्रम चालतो. जपानमधील शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवून दिले की, एका कळपातला वरिष्ठ कोंबडा प्रथम आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीनुसार मागून. कोंबडे झाकून ठेवल्याने सूर्य उगवायचा राहत नाही, अशी म्हण आपण ऐकत आलो; कनिष्ठ कोंबड्याला वरिष्ठ कोंबडा मात्र झाकून ठेवू शकतो, हे म्हण करणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे.

या कळपावर घराचा एक अदृश्य अर्थव्यवहार उभा होता. अंड्यांचा आणि पिल्लांचा पैसा बाईचा, त्यात पुरुषाने हात घालू नये, असा संकेत होता. जिच्याकडे कोंबडी नसेल तिला शेजारीण अर्धलीने देई: राखणदारी तिची, पिल्ले दोघींची निम्मी-निम्मी. १८५४ साली मुंबईची आगगाडी कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये ती पुढे खोपोलीकडे गेली, तेव्हा या टोपल्यांना मुंबईचा बाजार मिळाला. १८६९ च्या सुमारास उभारलेल्या क्रॉफर्ड मार्केटात कोंबड्यांचीही विक्री होत असे. टोपल्यांत भरलेल्या कोंबड्यांचे पाय सुतळीने बांधलेले असत. या तपशिलापलीकडे रेल्वेने कोंबडीचे जीवन फारसे बदलले नाही.

बदलले ते अंगणाने. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची प्रचंड छावणी बसविण्यात आली. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून निर्वासित झालेल्या सुमारे एक लाख माणसांना आश्रय मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी कोनशिला बसवून त्या छावणीचे उल्हासनगर केले. ओळीने उभ्या असलेल्या बराकींमध्ये मोकळे पट्टे होते. ज्यांनी आपले घरदार, शेतीवाडी पलीकडे सोडली होती, त्यांनी ते पट्टे दुकानांनी, कारखान्यांनी आणि वाढीव खोल्यांनी भरून काढले. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पुढे ही बांधकामे न्यायालयापर्यंत गेली आणि २००६ मध्ये अनधिकृत इमारती नियमित करण्यासाठी केवळ या एका शहरापुरता कायदा करावा लागला. अंबरनाथला स्वीडिश भांडवलाची विम्को ही आगकाड्यांची गिरणी आली, मागून दारूगोळ्याचा कारखाना आणि औद्योगिक वसाहत आली. बदलापूर सर्वांत शेवटी बदलले. तेथे गावठाणांच्या कडेला आणि बारवी धरणाच्या वाटेवरील वाड्यांत खुराडी अद्याप आहेत.

रोगाने या पक्ष्याला नेहमीच झोडपले. मानमोडी, जिला शास्त्रात राणीखेत म्हणतात, हिवाळा सरता सरता आली की अख्खे खुराडे दोन दिवसांत रिकामे करीत असे. लासोटा लस आल्यावर तिचा धाक कमी झाला. बर्ड फ्लूही महाराष्ट्रात याच ऋतूत आला. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला प्रादुर्भाव उघड झाला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे. त्या वेळी एक किलोमीटरच्या परिघातील कोंबड्या नष्ट करण्याचा हुकूम निघाला आणि शेडमधल्या पक्ष्यांबरोबर परसातल्याही त्यात मोजल्या गेल्या. १९१९ पासून पाच-पाच वर्षांनी होणारी पशुगणना सोडली, तर सरकार अंगणातल्या कोंबडीच्या दारात नोंदवही घेऊन आले ते बहुधा अशाच प्रसंगी.

तरीही २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातील कोंबड्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरल्या, म्हणजे आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ निम्म्याने अधिक. त्यांतील पुष्कळशा गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींच्या आहेत. मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला शहरातला मनुष्य ज्या पक्ष्यासाठी गावठी म्हणून अधिक दाम मोजतो, त्यातही या जातींचे रक्त अनेकदा असते. सुधारित कोंबडी वर्षाला शंभराहून अधिक अंडी देते, गावठीने साठ दिली तरी पुष्कळ; मात्र सुधारित कोंबडी सहसा खुडूक होत नाही, आणि म्हणून वाड्यांतल्या बायका तिची अंडी उबविण्यासाठी कमी अंडी देणारी एखादी जुनी गावठी कोंबडी मुद्दाम राखून ठेवतात, माघ लागला की तिच्या खुडूक होण्याची वाट पाहतात, आणि ती बसली की स्वतःच्या अंड्यांबरोबर शेजारणीच्या गिरिराजची अंडीही अर्धलीच्या बोलीवर तिच्याखाली सरकवतात.